नऊ इंची भिंत

रामकिसन मिस्त्रीने तिन्ही कागद वाचले. ओळीखाली बोट धरून, घाई न करता.

पहिला वॉर्ड कार्यालयातून आणलेला. प्लास्टर, फरशी, रंग यांना परवानगी लागत नाही. दोन घरांमधल्या सामाईक भिंतीला हात लावायचा असेल तर इंजिनिअरचा दाखला आणि शेजाऱ्याची संमती जोडावी. दुसरा कागद म्हणजे तो दाखला. ‘प्रत्यक्ष पाहणी केली. भिंतीस तडा आढळला नाही.’ तिसऱ्या कागदावर शेजारच्या भागूबाईंची सही होती.

“इंजिनिअर कवा आलते?”

“फोटो पाठवले होते,” घरमालक राजेंद्र म्हणाला. “कागद मागितले, कागद आणले. आता छिन्नी लावा. कपाट शुक्रवारी येतंय.”

सिडकोतल्या रांगेतलं हे घर चाळीस वर्षांपूर्वीचं. मधली भिंत नऊ इंचांची, दोन्ही घरांचा स्लॅब तिच्यावर टेकलेला. राजेंद्रला त्या भिंतीत सहा फूट रुंद कपाट बसवायचं होतं. त्यासाठी साडेचार इंच खोल कोरायला हवं होतं.

“निम्मी भिंत माझीच आहे ना? मी माझ्यातलीच काढतोय.”

“निम्मी कुणाची, ते स्लॅबला कुठं ठाव हाय.”

राजेंद्र हसला. “मिस्त्री, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं.”

भिंतीवर छतापासून कमरेपर्यंत एक तडा उतरला होता. पंधरा दिवसांपूर्वी रामकिसनने त्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली होती. दोन्ही टोकांना पांढऱ्या सिमेंटचे गोळे, बाजूला पेन्सिलीने तारीख. भिंत हलली तर काच फुटते. फुटली नाही तर काम धरीन, असं तो सांगून गेला होता.

“बघून घ्या,” राजेंद्र म्हणाला. “शाबूत आहे.”

काच शाबूत होती. तारीखही तीच होती, १२ एप्रिल.

दारात भागूबाई येऊन उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. पदराने मान पुसत होत्या.

“मिस्तरी आले व्हय. बरं झालं. रंग कोणता देताय रे राजेंद्र? लई भडक नको देऊ. सही दिलीय म्हणून काय बी फासू नको.”

“पांढराच देतोय मावशी.”

“मग माझ्या बाजूनं बी एक हात मार. बाज ह्याच भितीला हाय माझी, निस्ती भुकटी पडती उशीवर.” त्या रामकिसनकडे वळल्या. “आन् तुम्ही सांगा, आमचं पुढचं दार लागंना झालंय. खाली घासतंय. सुतार आणलाय, तासतोय बिचारा सकाळधरनं.”

“कवापासून लागंना?”

“झाले की पाच-सहा दिस. फुगलं असंल, म्हणतोय सुतार.”

“उन्हाळ्यात लाकूड फुगत नाय मावशी. आखडतं.”

“तेच म्या त्याला म्हणलं. पर त्यो शिकलेला सुतार हाय.” त्या हसत निघून गेल्या.

राजेंद्रची बायको मोनाली चहा घेऊन आली. कप स्टुलावर ठेवून तिने कूलर बंद केला. भिंतीपलीकडून रंध्याचा आवाज येऊ लागला. एक लांब ओढ, थांबणं, पुन्हा ओढ.

रामकिसन उठून भिंतीपाशी गेला. चष्मा वर सरकवून त्याने सिमेंटचा डावा गोळा पाहिला, मग उजवा. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख हातोड्याने दुभंगलेलं होतं, मांसावरही खोल खाच होती. ओला गोळा तो त्याच अंगठ्याने दाबायचा. त्याच्या हातच्या प्रत्येक गोळ्यावर ती खाच उमटायची.

दोन्ही गोळ्यांवर अंगठा उमटला होता. गुळगुळीत, पुरा.

त्याने आपला अंगठा त्या ठशावर टेकवला आणि काढून घेतला.

“साहेब, पहिली काच कवा फुटली?”

“कसली पहिली? समोर आहे ती काय आहे?”

“तारीख मात्र बराबर उतरवली.”

राजेंद्रने कागदांच्या कडा जुळवल्या, ते फाईलमध्ये घातले, फाईलचं बटण लावलं. “हे बघा मिस्त्री, मला वाद नाही घालायचा. परवानगीला जे लागतं ते सगळं इथं आहे. तुम्हाला जमत नसेल तर उद्या सकाळी नाक्यावरून दुसरा आणतो. तो कागदही वाचायचा नाही.”

“त्यो नाय वाचणार,” रामकिसन म्हणाला.

मोनाली अजून स्टुलापाशीच होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. रिकामा ट्रे छातीशी धरून ती काचेकडे बघत होती.

“ही तिसरी आहे, मिस्त्रीकाका,” ती म्हणाली. “दुसरी परवा फुटली.”

चहावर साय धरली. कुणी कप उचलला नाही.

पलीकडचा रंधा थांबला. सुतार काहीतरी म्हणाला. मग भागूबाईंचा आवाज आला, याच खोलीत बसून बोलावं इतका स्पष्ट.

“लागलं की रं दार! आता कसं झ्याक बसलं.”

थोड्या वेळाने सुताराच्या चपला गल्लीतून लांब गेल्या. भागूबाईंनी दार लोटलं आणि आतून कडी घातली.