माझी एक मैत्रीण आहे

"माझी एक मैत्रीण आहे," चिमणी म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली.

समुपदेशक बाईंनी पेन खाली ठेवलं. मधल्या सुट्टीपासून आलेली ही सातवी मुलगी. नऊशे मुलांच्या शाळेत या कामाला त्या एकट्याच होत्या. सकाळी दोन वर्गांवर ताणाबद्दलचे तास झाले होते, सगळ्यांना श्वास मोजायला शिकवून घसा बसला होता. आणि 'माझी एक मैत्रीण आहे' हे वाक्य बारा वर्षांत त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की ती मैत्रीण कोण हे विचारायची गरजच उरली नव्हती.

"बरं. काय होतंय तुझ्या मैत्रिणीला?"

मुलगी नववीतली. आवाज बारीक म्हणून वर्ग तिला चिमणी म्हणायचा. बोटांची नखं पार कुरतडलेली.

"तिला झोप लागत नाही, मॅडम. सकाळी जिन्यात नुसती उभी राहते. वर्गात पाऊलच टाकवत नाही म्हणते. मग मी हात धरून नेते."

"घरी बोलली ती?"

"नाही. तिची आई दमून येते. ती म्हणते, आईच्या डोक्याला आणखी ताप कशाला."

बाईंनी संगणकावर चिमणीची माहिती काढली. आई नर्स, एका मोठ्या रुग्णालयात. दोन-दोन पाळ्या करत असणार. सगळं जुळत होतं.

"तिच्या आईला सांगणार नाही ना?"

"कुणाच्या जिवावर बेतणार असेल तरच. एरवी या खोलीतलं बाहेर जात नाही."

चिमणीने हे दोनदा विचारून घेतलं, मगच उठली.

बाई घरी पोचल्या तेव्हा त्यांच्या लेकीने दिवे लावले होते, कपडे घड्या करून ठेवले होते. तीही याच शाळेत, नववीतच. बाईंनी पर्स टाकली आणि चपला न काढता सोफ्यावर आडव्या झाल्या.

"आज किती जण?" लेकीने चहाचा कप पुढे केला.

"अकरा."

"डोकं दाबून देऊ?"

"नको गं. थोडा वेळ कुणी बोलू नका माझ्याशी, बस."

"बरं," म्हणून लेक आतल्या खोलीत गेली. बाईंना हायसं वाटलं. बहिणीशी फोनवर बोलताना त्या नेहमी म्हणायच्या, माझ्या पोरीचं काही बघावं लागत नाही, आपलं आपण करते.

चिमणी दर मंगळवारी येत राहिली. बाई सांगतील ते वहीत उतरवून घ्यायची. झोपण्याआधी मनातलं कागदावर काढायचं. सगळा दिवस डोळ्यांसमोर आणायचा नाही, फक्त पहिला तास. जिन्यात पाय अडला तर एकेक पायरी मोजायची.

"केलं तिनं," ती पुढच्या मंगळवारी म्हणाली. "दोन दिवस नीट झोपली. पण डबा अजून टाकूनच देते. मग नळावर धुऊन नेते, म्हणजे घरी कळत नाही."

बोलता बोलता चिमणी स्वतःचीच नखं कुरतडायला लागली. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

त्या दिवशी त्यांनी नर्सला फोन लावला. शब्द मोडायचा नव्हता, म्हणून सगळ्याच पालकांशी बोलतेय असं सांगितलं.

"माझी ना? मजेत आहे की!" नर्स घाईत होती, मागून कुणीतरी तिला हाका मारत होतं. "हल्ली जरा गप्प असते, पण जेवते व्यवस्थित. डबा रोज रिकामा येतो."

"झोप?"

"तेवढं मला नाही हो सांगता येणार. मी रात्रपाळीला असते."

बाईंनी फोन ठेवला. त्यांना त्या बाईचा राग आला नाही, कीवच आली. पोर डोळ्यांदेखत सुकतेय आणि हिला पत्ता नाही. त्यांनी चिमणीच्या नोंदीत एक ओळ लिहिली: आईचं लक्ष नाही.

पुढच्या मंगळवारी त्यांनी विषय काढलाच. खुर्ची टेबलामागून काढून त्या चिमणीजवळ बसल्या.

"हे बघ, बाळा. कधीकधी स्वतःबद्दल बोलणं जड जातं. मग आपण एक मैत्रीण उभी करतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. खूप जण करतात."

चिमणीने वही मिटली.

"मी नाही हो, मॅडम."

"बरं, बरं."

"खरंच मी नाही! मला फक्त तिची काळजी वाटते. मी किती दिवस एकटीने सांभाळू तिला?"

"मग घेऊन ये तिला इथे," बाई शांतपणे म्हणाल्या. आता ही उद्या एकटीच येईल आणि रडून मोकळी होईल, असा त्यांचा अंदाज होता.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शुक्रवारी शेवटची घंटा झाली, बाई पर्स खांद्याला अडकवून उठल्या, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"मॅडम, आणलंय तिला." चिमणीला धाप लागली होती. "बाहेर उभी आहे. येतच नव्हती. मी म्हटलं, मॅडम सगळ्यांचं ऐकतात, तुझंही ऐकतील."

बाईंच्या पायात गोळे आले होते. घर गाठावं, आडवं व्हावं, एवढंच मनात होतं. तरी त्यांनी पर्स खाली ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि अनोळखी मुलांसाठी ठेवलेलं हसू चेहऱ्यावर आणलं.

"ये गं. घाबरू नकोस, आत ये."

चिमणी बाजूला झाली. दारात बाईंची लेक उभी होती.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्हाला आत्ता वेळ आहे का?"