पाटी नसलेलं दार

"सोंगसूत निदान पाटी तरी असते," हानसोल अंधाऱ्या जिन्यावर थांबून म्हणाला. "इथे बार कुठला आणि गोदाम कुठलं, तेच कळत नाही."

"पाटी लावली की उल्जिरोची मजा संपली," दासोम म्हणाली. "चल वर."

बहीणभावाचं हे भांडण दुपारपासून चालू होतं. दोघांनी नोकऱ्या सोडल्या होत्या आणि साठवलेलं सगळं एकत्र केलं होतं. त्यात एकच बार निघणार होता. जागा मात्र शहराच्या दोन वस्त्यांत पाहून ठेवल्या होत्या, एक सोंगसूत, एक उल्जिरोत. उद्या सकाळी एकीवर सही करायची. चुकलं तर पुन्हा आईच्या घरी, एका खोलीत दोघं, वर आईची बोलणी वेगळी.

दुपार सोंगसूत गेली होती. तिथल्या बुटांच्या जुन्या कारखान्यांत आता कॉफी मिळते. हानसोल जाम खूश होता. प्रत्येक दारापुढे रांगा, पोरींचे ढगळ कोट, दर आठवड्याला नवी सजावट, रात्री गाण्यांचा दणदणाट. दासोमने एका भिंतीवरच्या गंजावर बोट फिरवलं, तर तो रंग निघाला. तिथेच तिचं मन उडालं.

"गंज रंगवणाऱ्यांच्या शेजारी मी धंदा करणार नाही," ती म्हणाली होती.

"लोक त्या गंजासाठीच येतात ना? मग झालं तर."

त्याचंही चुकीचं नव्हतं. पोट भरायचं तर माणसं यायला हवीत.

उल्जिरोचा थाट निराळा. दिवसा छापखाने आणि पत्र्याची ठोकाठोक. संध्याकाळी खालची शटरं पडली की वरच्या मजल्यांवर दिवे लागतात. पत्ते तोंडोतोंडी फिरतात. दासोमला मैत्रिणीने एवढंच सांगितलं होतं, छापखान्यांची गल्ली, अरुंद जिना, अगदी वरचा मजला.

वरचं दार अर्धवट उघडं होतं. आत पिवळा दिवा, कोपऱ्यात चादर घातलेलं छपाईचं यंत्र, त्यावर एका म्हाताऱ्याचा फोटो, जमिनीवर मांडलेली बुटकी टेबलं. गिऱ्हाईक एकही नाही. काळ्या कपड्यांतली साठीची एक बाई लगबगीने उठली.

"आलात? या, या. बूट तिथेच राहू द्या. जेवणार ना?"

उत्तराची वाट न बघता तिने गरम रस्सा आणला, भात आणला, धिरडी आणली, वरच्या चकत्या तेवढ्या कापलेली सफरचंदं आणली. सोजू दारूची बाटली ठेवली.

"मेनूच नाही की," हानसोल कुजबुजला.

"मिळेल असं तुझ्या सोंगसूत?"

बाई जवळच बसली. हानसोलने यंत्राकडे बोट दाखवलं. "काकू, हे खरंच चालायचं का?"

"चालायचं म्हणजे? अर्ध्या शहराच्या लग्नपत्रिका याच्यावर निघाल्यात. आवाज पार खालच्या गल्लीपर्यंत जायचा."

"सोंगसूत गेलात कधी?"

"एकदाच. लेकाने नेलं होतं आम्हाला. जो तो फोटो काढत होता. हे म्हणाले, कुणाचं तरी लग्न दिसतंय, आपण आहेर आणला नाही." ती हसली, मग दोघांचे ग्लास भरू लागली.

हानसोलने बहिणीच्या ग्लासाला ग्लास भिडवायला हात पुढे केला. बाईने तो हळूच खाली घेतला.

"नको बाळा. आज नुसतं प्या."

"नियमसुद्धा आहेत," तो दासोमच्या कानात म्हणाला. "झकास. किती विचार केलाय बघ एकेका गोष्टीचा."

त्याने दोनदा भात घेतला. दिवसभर त्याने सोंगसूत चार ठिकाणी पैसे उडवले होते, पण जेवलास का, असं कुणी विचारलं नव्हतं. बाई भाताचं भांडं ठेवायला आत गेली, तेव्हा त्याने चमचा खाली ठेवला.

"ताई, हरलो मी," तो म्हणाला. "उद्या इथलीच सही. पण बार असाच काढायचा. पाटी नाही, मेनू नाही. माणूस आत आला की आधी ताट."

दासोमला भरून आलं. गेले कित्येक महिने ती हेच समजावत होती, आणि इथे तिला काहीच समजवावं लागलं नव्हतं. किती झाले ते विचारायला तिने पर्स उघडली.

तेवढ्यात बाई बाहेर आली. उरलेली धिरडी तिने कागदात बांधून आणली होती. पुडी दासोमच्या मांडीवर ठेवून तिने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"सकाळपासून सगळं मांडून बसले होते," ती म्हणाली. "गल्लीतली जुनी माणसं कुठे कुठे पांगली, कळवायचं तरी कुणाला? वाटलं, आज कुणीच येत नाही. तुम्ही दोघं आलात, फार बरं वाटलं." तिने डोळे पुसले. "आता सांगा, आमच्या ह्यांना तुम्ही कुठून ओळखत होतात?"