हिलाही ताप येऊ दे
परगावच्या कामावर असताना रंगाऱ्याने अनोळखी बाईकडे रात्र काढली, त्याला महिना होत आला होता. घरी परतल्यावर तो बायकोच्या कुशीत नेहमीसारखाच शिरला. आता अंगात ताप होता, आणि एचआयव्हीची सुरुवात अशाही तापाने होते, हे त्याने फोनवर वाचलं होतं. तपासणीचं धाडस होत नव्हतं. बायको कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती आणि तो मनात देवाला विनवत होता, ‘हिलाही ताप येऊ दे. साथीचा असेल तर येईलच.’ संध्याकाळी पट्टी पिळता पिळता ती भिंतीला टेकून बसली. त्याने घाईने थर्मामीटर तिच्या जिभेखाली ठेवला. पारा एकशे दोनवर गेला. त्याचा जीव भांड्यात पडला. ‘साथच आहे गं,’ तो म्हणाला. ‘कसली साथ?’ ती खांद्यावर डोकं टेकत म्हणाली. ‘गल्लीत सगळे ठणठणीत आहेत. मला तुमचंच लागलंय.’