सवतीची जागा

माझ्या नवऱ्याला घरातल्या कचऱ्याची एकूण एक जागा पाठ. संपलेले सेल वाचनालयाच्या दारातल्या बरणीत, फाटक्या चादरी प्राण्यांच्या दवाखान्यात, गेलेले बल्ब कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात. फक्त त्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोचा जळका हेअर ड्रायर तेवढा आमच्या कपाटात ठाण मांडून बसलाय. त्याच्या जाळीत अजून तिचा एक लांबसडक केस अडकलेला. माझे केस खांद्यालाही टेकत नाहीत.

"अहो, हा कधी देणार?"

"त्याची जागा अजून सापडली नाही गं."

म्हणे सापडली नाही! आज तो कामावर गेल्यावर मीच त्या सवतीला पिशवीत कोंबलं आणि इलेक्ट्रिकचं दुकान गाठलं. बंद पडलेल्या वस्तूंचा डबा दारातच होता. मी त्याचं झाकण उघडलं.

ड्रायर बघून दुकानदार हसला. "पुन्हा आला का हा, वहिनी? साहेब कितीदा घेऊन आले. डब्यापर्यंत हात नेतात, मग 'ही जागा बरोबर नाही' म्हणतात आणि परत घेऊन जातात."

उघडलेलं झाकण मी लावून टाकलं आणि ड्रायर घेऊन घरी आले. तो टाकला म्हणून ती थोडीच जाणार होती!