मागचा आवाज

टेक चौदा.

"पुन्हा," काचेपलीकडून मॅडम म्हणाल्या. "तू घाबरवायला जातोयस. तो घाबरवत नाही. लोक आपोआप घाबरतात."

काचेच्या अलीकडे, माइकसमोर, गर्दी उभा होता. डबिंगच्या धंद्यात त्याला हेच नाव पडलं होतं. पंधरा वर्षं त्याने परक्या सिनेमांतल्या गर्दीला आवाज दिला होता. "पळा!" "वर बघा, वर!" "पूल पडतोय!" एकटा माणूस, पण अख्खं शहर पळवायचा. आज पहिल्यांदा त्याच्या वाट्याला एक सबंध माणूस आला होता. उडणाऱ्या हिरोच्या तिसऱ्या भागातला व्हिलन. दोनपर्यंत जमलं तर जमलं. दोन वाजता दुसरा आवाज येणार होता.

टेक पंधरा.

तोही वाया.

अभ्यासात त्याने कसूर केली नव्हती. दर भागात नट बदलले होते, आणि गर्दीने वहीत सगळ्यांना गुण दिले होते. हिरो तीन, पण फरक काय तो हनुवटीचा. कोणाचाही आवाज कोणालाही चालला असता. व्हिलनचं तसं नव्हतं. पहिला ओरडायचा. दहापैकी सहा. दुसरा हसायचा. सात. तिसऱ्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह. हा गडी आवाजच चढवत नाही. हिरोच्या म्हाताऱ्या गुरूला खुर्चीला बांधलंय, आणि हा त्याच्या कोटाचं सुटलेलं बटण लावून देत बोलतो. हळू. समजुतीने. "तुमचं आता कोणी ऐकत नाही. म्हणून तुम्ही माझं ऐकायचं."

पानाच्या तळाशी गर्दीने गमतीने चौथं नाव लिहिलं होतं: अण्णा. त्याने पाहिलेला पहिला व्हिलन. लहानपणी पाठीला टॉवेल बांधून तो हिरो व्हायचा, आणि वडील कामावरून आले की बूटही न काढता व्हिलन व्हायचे. एका बुक्कीत कॉटवरून खाली पडून मरायचे. रोज. दहापैकी शून्य. त्यांना कोणी घाबरतच नसे.

"आम्ही चहा घेऊन येतो," मॅडम म्हणाल्या. म्हणजे त्या वैतागल्या होत्या. "तू मूळ नटाला परत एकदा नीट ऐक."

रेकॉर्डिस्टही त्यांच्यामागून गेला.

टेक नाही.

फोन थरथरला. अण्णा. सकाळपासून चौथ्यांदा.

"काय रे, आज तू कोण? हिरो की व्हिलन?"

तीनदा सांगून झालं होतं. तीनदा अण्णा हसले होते, "वा वा" म्हणाले होते, आणि विसरले होते. घड्याळात सव्वा वाजला होता.

"अण्णा," गर्दी म्हणाला. ओरडला नाही. ओरडायचं त्याने कधीच सोडलं होतं; घसा जपावा लागतो. "मघाशी मी काय सांगितलं? आठवत नाही? बरं. आठवत नाही, तर मग विचारायचं कशाला? शेजारच्या काकू आल्यात ना? त्या गोळी देतील, ती घ्यायची. गप्प बसून राहायचं. आता फोन करायचा नाही. कळलं? नुसतं 'हं' नाही. तोंडाने म्हणायचं. म्हणा, कळलं."

पलीकडे काहीतरी पुटपुटणं.

"शाबास."

अण्णांना फोन बंद करता येत नसे. तो नेहमी गर्दीच करायचा. आज तेवढंही न करता त्याने फोन स्टँडवर, माइकखाली पालथा टाकला, हेडफोन कानांवर चढवले आणि व्हिलन ऐकायला लागला.

टेक सोळा झालाच नाही.

मॅडम परत आल्या तेव्हा रेकॉर्डिस्ट कपाळाला हात लावून म्हणाला, "मशीन चालूच राहिलं की!" पुसायच्या आधी काय आलंय ते बघावं म्हणून त्याने ऐकलं. मग मॅडमना ऐकवलं. मॅडमच्या हातातला चहा तसाच राहिला.

"अरे, हाच! इतका वेळ कुठे लपवला होतास हा?" त्यांनी गर्दीला काचेपलीकडे बोलावून घेतलं. "ते 'शाबास' ऐक. काटा आला अंगावर. कोणाशी बोलत होतास?"

"कोणाशी नाही," गर्दी म्हणाला. "सुचेल तसं म्हणत होतो. सराव."

"दहापैकी दहा! दोनवाल्याला येऊ नको म्हणून कळवते."

पंधरा वर्षांत या खोलीत त्याच्याकडे कोणी असं बघितलं नव्हतं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मॅडमनी हौसेने परत लावलं. मोठ्या स्पीकरमधून, खोलीच्या चारी कोपऱ्यांतून, तो एका म्हाताऱ्या माणसाला गप्प बसायला सांगत होता. गर्दीने मान वर केली नाही. वर केली असती तर पडद्यावर व्हिलन थिजून उभा दिसला असता, कोटाच्या बटणावर बोटं ठेवून. जमिनीवरच्या गालिच्याला एक भोक होतं. तो भोकाकडे बघत राहिला.

"शेवटी मागे काहीतरी आहे," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "बारीक आवाज. 'शाबास'च्या नंतर. कोणीतरी बोलतंय."

"बाहेरचं असेल," गर्दी घाईने म्हणाला. "पुसून टाक."

"थांब, वाढवून बघतो."

बटण फिरलं. आधी नुसती खरखर. मग फोनच्या एवढ्याशा भोकातून, लांबून, पण शब्द न् शब्द ओळखू येईल असा, रोज कॉटवरून पडून मरणारा तो आवाज:

"नाही हो वहिनी, रागावला नाही. हिरो आहे ना आज तो. घाईत असतो."