कप्तानची लाल टोपी

आईच्या क्लबातल्या लॉकरमधून पोहायची लाल टोपी निघाली आणि थोरलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. टोपी दुसऱ्या कोणाची म्हणावी, तर आतल्या बाजूला आईचाच पांढरा केस चिकटलेला. वापरून वापरून रबर पार सैल पडलं होतं. बाहेर तलावाच्या काठावर खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि आईच्या शोकसभेला माणसं मावत नव्हती.

या क्लबात लाल टोपी म्हणजे अजून पोहता न येणारा. पलीकडचा काठ गाठला की पांढरी. नियम आईनेच घातलेला, आणि त्यातून तिने स्वतःच्या नातवालाही कधी सूट दिली नव्हती. सगळं शहर तिला कप्तान म्हणायचं. बंद पडलेल्या गिरणीची टाकी घासूनपुसून तिने हा क्लब उभा केला, पाण्याला घाबरणाऱ्या बायांना दंडाला धरून आत उतरवलं. "पाणी चावत नाही, मी चावते," असा तिचा दम. सत्तरी उलटली तरी गल्लीत बॅडमिंटन खेळायची आणि टीव्हीवरच्या पंचांना घरबसल्या झापायची. अशा बाईच्या डोक्यावर लाल टोपी चढवायची हिंमत कोणाची?

थोरलीला एकच नाव सुचलं. शिट्टी. क्लबची प्रशिक्षक, लहानपणी रडत रडत इथे आलेली आणि मग इथलीच होऊन गेलेली. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून हे नाव. गेलं वर्षभर तिचं वागणं थोरलीला खटकत होतं. दुपारी बायकांची वेळ असायची, ती बंद करून तेव्हा फक्त कप्तान आणि शिट्टी. फाटकाला आतून कडी. दुपारच्या बायकांना विचारावं तर त्या ताकास तूर लागू देत नव्हत्या. एकदा आईच्या दंडावर काळानिळा वळ दिसला, तर आई हसून म्हणाली, "खेळात लागतंच, चॅम्पियन." त्यात खजिनदारांनी कानाशी लागून सांगितलं, की खोल पाण्याकडे दोरी बांधून ठेवलीय, कप्तानला स्वतःच्याच क्लबात तिकडे जाऊ देत नाहीत. शिट्टीला अध्यक्ष व्हायचंय, असंही ते म्हणाले.

म्हातारीला दाबात ठेवून क्लब घशात घालायचा डाव, दुसरं काय. आई झोपेतच गेली हे खरं, पण शेवटचं वर्ष तिने कोणाच्या तरी धाकात काढलं, हे थोरलीच्या मनाने पक्कं धरलं होतं. शिट्टीला काढायचं की ठेवायचं, हे कमिटीने तिच्यावरच सोपवलं होतं. आज माईक हातात आला की ती सगळ्यांसमोर शिट्टीला घरी बसवणार होती.

त्याआधी तिने शिट्टीला कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं आणि टोपी बाकावर टाकली.

"ही कोणी घातली तिला?"

शिट्टीने आधी दाराकडे पाहिलं, मग दार लावून घेतलं. थोरलीला तेही संशयास्पद वाटलं.

"त्यांनीच मागून घेतली, ताई. पोहता येत नाही तर लालच हवी म्हणाल्या."

मग तिने खाली बघत सगळं सांगितलं. गेल्या वर्षी एके दिवशी कप्तान नेहमीसारख्या खोल पाण्यात उतरल्या आणि सरळ बुडायला लागल्या. हातापायांना काय करायचं तेच आठवेना. शिट्टीने दंडाला धरून ओढून काढलं, तोच तो वळ. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा दुपारच्या बायकांनी आपली वेळ कप्तानला देऊन टाकली आणि तोंडाला कुलूप लावलं. शिट्टी उथळ पाण्यात कप्तानसमोर उभी राहायची. काठाची दांडी धरा, पाण्यात श्वास सोडा, पाय मारा. आज शिकवलेलं उद्यापर्यंत पुसलेलं असायचं. उद्या पुन्हा दांडीपासून.

थोरलीचा विश्वास बसेना. रोज संध्याकाळी ती आईकडे जात होती, तिला कळलं नसतं? पण मग ती एकेक आठवू लागली. आई जन्मभर सगळ्यांना चॅम्पियन म्हणत आली होती, दूधवाल्यापासून नातवापर्यंत. त्यामुळे तिच्या आठवणीतून नावं कधी गळून पडली, ते घरात कोणाच्या लक्षातच आलं नाही. मॅच कोणतीही असो, आई ओरडायची. कोणाच्या बाजूने ओरडते, हे कोण विचारतंय?

"मला का नाही सांगितलंस?"

"एखाद्या दिवशी त्यांना सगळं लख्ख आठवायचं. तशाच एका दिवशी वचन घेतलं माझ्याकडून. थोरलीला सांगू नकोस म्हणाल्या, ती मला घरात बसवेल."

बसवलंच असतं. थोरलीला ते स्वतःशी नाकारता आलं नाही, आणि आईने ते ओळखलं होतं, हे तिला फार लागलं. बाहेर माईकवरून तिला बोलावणं आलं. ती उठली नाही. संशय एवढा मुरला होता, की जाता जाता त्याने अजून एक प्रश्न काढलाच.

"वाईट वाटायचं ना तिला? स्वतःच्या क्लबात लाल टोपी घालून दांडीला धरून उभं राहायला?"

"वाईट?" शिट्टीने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "लहान मुलीसारख्या खूश असायच्या, ताई. रोज निघताना मला विचारायच्या, 'इतकी झकास जागा कोणी काढली गं, चॅम्पियन? त्या बाईंना एकदा भेटव मला.'"