कानसेनांचे कान

काचेच्या खोलीत बसलेल्या कानसेनांनी पुन्हा बटण दाबलं. हेडफोनमध्ये शिट्टी वाजली की दाबायचं, एवढंच काम. शिट्टी कसली, आत सामसूम होती. पण समोरच्या काचेत तपासणाऱ्या बाईंचा हात दिसत होता. हात हलला की कानसेन बटण दाबत. हलणारा भाग हेरण्यातच त्यांची हयात गेली होती.

ते शिलाई मशीन दुरुस्त करत. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून बिघाड सांगत. कारखान्यात नाव पडलं ते त्यावरूनच. तिसऱ्या केमोनंतर मात्र सगळ्या मशीन एकदम गुण्यागोविंदानं चालायला लागल्या. एकही कुरकुरेना.

बायकोनं ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. "दहा हाका मारल्या तरी ओ नाही." ती औषधं आणायला खाली गेली, तेव्हा डॉक्टर कानसेनांजवळ खुर्ची ओढून बसले आणि त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाले, "गाठ निम्मी विरलीय. पण कान फारच उतरले असतील, तर हे औषध थांबवावं लागेल." हे कानसेनांनी घरी सांगितलं नाही.

बाईंनी दार उघडलं. मागोमाग बायकोही डोकावली.

"काका," बाई अगदी समोर येऊन मोठ्यानं म्हणाल्या, "मी चहाचा कप उचलला, तेव्हाही शिट्टी वाजली का?"

कानसेनांनी बटण हळूच बाजूला ठेवलं.

"बघा," बायको म्हणाली, "जन्मभर न ऐकल्याचं सोंग केलं. आता ऐकल्याचं करतायत."

"अगं, औषध बंद करतील," ते म्हणाले. बाहेर रांगेत बसलेल्यांनीही वळून पाहिलं, इतका आवाज चढला होता. "अजून दोन डोस राहिलेत."

बायको गप्प झाली. ती गप्प झालेली त्यांना दिसली.

"काकू, मला खरं तेच लिहावं लागेल," बाई म्हणाल्या. "पण कान गेले तरी औषध चालू ठेवायचं का, हे डॉक्टर तुम्हालाही विचारतील."

"विचारायचं काय त्यात? द्या म्हणावं दोन्ही डोस." तिनं त्यांच्या डोक्यावरून हेडफोन काढला आणि कॉलर सरळ केली. "मला बोलायला समोर माणूस लागतो, बाई. कान होते तेव्हा तरी यांनी माझं कुठं ऐकलं?"